ऑटोमॅटिक गाडी सकाळी किती वेळ चालू ठेवायची? घरात रोज वाद

खळ्यातली_गाडी
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दिवाळीत पहिल्यांदाच ऑटोमॅटिक आली, पेट्रोल सीव्हीटी (ठरावीक गेर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पी आर एन डी वाली, म्हणजे पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर डिझेल जीप चालवली, त्यामुळे सकाळी उठले की आधी गाडी चालू करून खळ्यात ठेवतात, चहा होऊन पेपर वाचून होईपर्यंत ती घुरघुरत असते. इंजिन तापल्याशिवाय गेर टाकायचा नाही असा त्यांचा नियम, मध्येच एक्सिलेटर पण दाबतात. आमचं खळं उताराचं आहे आणि पी मधून काढताना रोज खाडकन आवाज येतो, अण्णा म्हणतात बघ, थंड आहे म्हणून वाजते. खरंच इतकी तापवायला लागते का? आणि तवसाळला खाडी ओलांडायच्या फेरीबोटीच्या रांगेत डी मध्ये ब्रेक दाबून बसायचं की एन करायचं? ह्यांना विचारलं तर म्हणतात अण्णांना विचार.

घाटवळण
ताई, अण्णांचं त्या जीपपुरतं बरोबरच होतं. जुनी डिझेल इंजिनं थंडीत नीट पेटायची नाहीत, ऑइलही जाड असायचं, कार्बोरेटरवाल्यांना चोक ओढायला लागायचा. तुमच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. चालू केल्यावर आरपीएम (इंजिन फिरण्याचा वेग) वर जातो आणि थोड्या वेळात खाली येतो, तेवढं थांबलात की पुष्कळ, अर्धा मिनिट, फार तर एक. सीटबेल्ट लावून आरसे बघेपर्यंत होतंच ते. नंतर दोनेक किलोमीटर हळू चालवा, एक्सिलेटर जोरात दाबायचा नाही. मीटरमध्ये इंजिन थंड असल्याचा निळा दिवा असेल तर तो विझेपर्यंत दमाने घ्या, आपल्या हवेत तो लगेच विझतो.

मुख्य गोष्ट म्हणजे पी मध्ये उभ्या गाडीचा गिअरबॉक्स तापतच नाही म्हटलं तरी चालेल. पंप ऑइल फिरवतो पण आत लोड काहीच नसतो, गिअरबॉक्स तापतो चालवल्यावर. उलट थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरात पाणी साठतं आणि आपल्या दमट खाऱ्या हवेत तो आतून गंजायला वेळ लागत नाही. थंड इंजिनाला रेस करणं तर अजिबातच बंद करा. आणि कधी गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर दार लावून चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो.

खाडकन आवाजाचा थंडीशी काहीच संबंध नाही. पी मध्ये आत एक छोटी खुंटी दातेरी चाकात अडकते, उतारावर अख्ख्या गाडीचं वजन तिच्यावर येतं, सकाळी काढताना ती जोर लावून सुटते तेव्हा वाजते. लावताना पाय ब्रेकवर ठेवून आधी एन, मग हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्या आणि परत ब्रेक दाबून पी टाका. सकाळीही ब्रेक दाबून आधी पी मधून काढायचं आणि हँडब्रेक शेवटी सोडायचा.

एएमटीवाला_पाली
वरच्यांनी सीव्हीटीचं सांगितलं पण इथे वाचणारे अर्धे एएमटीवाले (साधाच गिअरबॉक्स, पण गेर मशीन बदलतं) असणार, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. आपल्या गाड्यांना बहुतेक पी नसतोच, उतारावर हँडब्रेक ओढून गेरमध्येच बंद करायची. आणि आत साधा क्लचच आहे, फक्त तो मशीन दाबतं. ब्रेकवर उभे असलात तर क्लच सुटलेला असतो, काही होत नाही. पण चढावर ब्रेक सोडून नुसत्या एक्सिलेटरवर गाडी तोलून धरलीत तर क्लच घासतच राहतो आणि वास येतो. कशेडी घाटाला बोगदा झाला म्हणून काय झालं, कुंभार्ली घाट आहेच की, शनिवार-रविवारी ट्रकच्या मागे इंच इंच सरकणारे बघतो मी. पुढे चांगली जागा होऊ द्या, मग एकदम निघा.

कुडाळचो_झील
गाडी तापवीत ठेवूची काय एक गरज नाय. हय काय हिमालय आसा? रिव्हर्स घेतल्यार गाडी पुरी थांबू दे आणि मगे डी टाक, लोक चाक फिरता फिरताच खाटकन बदलतत, गिअरबॉक्साची वाट थयच लागता. घाट उतरताना एन करून पेट्रोल वाचवणारे शहाणे पण आसत, तेंका लांबसूनच नमस्कार.

घाटवळण
+१. उतरताना एस (स्पोर्ट) किंवा एल (लो) वर टाका, इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. फेरीचं राहिलं होतं: सिग्नलएवढं थांबायचं असेल तर डी आणि ब्रेक, सारखं एन-डी करण्यात काही फायदा नाही. फेरी अजून पलीकडे जयगडलाच असेल तर सरळ पी करून इंजिन बंद करा, उगाच एसी लावून तासाला लिटरभर पेट्रोल कशाला जाळायचं. ओहोटीला जेटीचा उतार जास्त उघडा पडतो आणि शेवाळ असतं, तिथे ब्रेक हळूहळू सोडून गाडी आपसूक सरकू द्यायची. फेरीवर चढलात की इंजिन बंद, हँडब्रेक आणि पी.

खळ्यातली_गाडी
अण्णांना वाचून दाखवलं. आवाजाचं पटलं, काल रात्री तसंच लावलं आणि आज वाजली नाही. पण आता म्हणतात पावसाळ्यात आठ-आठ दिवस गाडी हलत नाही, मग बॅटरीसाठी तरी चालू ठेवायलाच पाहिजे ना?

एएमटीवाला_पाली
नुसती उभी ठेवून बॅटरी फार भरत नाही, त्यात अण्णा लाइट आणि एसी लावून बसले तर आणखी कमी. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत नीट अर्धा तास फिरवून आणायला सांगा, टायर आणि ब्रेकही मोकळे होतात. पावसात बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक चिकटतो, तेव्हा शक्यतो सपाटीला लावून पी टाका, हँडब्रेक सोडा आणि चाकाच्या पुढेमागे जांभ्याचे दोन चिरे ठेवा. जंपर केबल मात्र डिकीत हवीच, कारण बॅटरी बसली तर जीपसारखा धक्का मारून ही चालू होणार नाही, हे अण्णांना आधीच सांगून ठेवा.