मान्यता दिली, पण घरच्या ज्यूंचं काय?

वर एका प्रतिसादात म्हटलंय की स्टालिनने मे १९४८ मध्ये इस्रायलला तातडीने मान्यता दिली, म्हणजे तो ज्यूंचा हितचिंतक होता. मान्यतेचं खरं आहे, चेकोस्लोव्हाकियामार्फत शस्त्रंही पोचली. पण माझ्या मते तो ब्रिटिशांना पश्चिम आशियातून हुसकावण्याचा डाव होता. सोव्हिएत देशातल्या ज्यूंच्या वाट्याला वेगळंच आलं. त्याच वर्षी जानेवारीत यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीचा थोर नट सोलोमन मिखोएल्स याचा गुप्त पोलिसांनी मिन्स्कमध्ये खून केला. अपघात भासवला आणि सरकारी इतमामात अंत्यसंस्कार केले!

सप्टेंबरात गोल्डा मेयर इस्रायलच्या राजदूत म्हणून मॉस्कोत आल्या. ज्यू नववर्षाला त्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात गेल्या, तर बाहेरचा रस्ता माणसांनी भरून गेलेला. ती गर्दी पुढे १९८४ च्या दहा हजार शेकेलच्या इस्रायली नोटेवर छापली गेली. नोटेचं चित्र कुठे मिळालं तर जरूर बघा, माणसांत तीळ ठेवायला जागा नाही. परराष्ट्रमंत्री मोलोतोवची बायको पोलिना एका समारंभात गोल्डाबाईंशी यिडिशमधून बोलली, स्वतःला ज्यूंची लेक म्हणाली. जानेवारी १९४९ मध्ये तिला अटक झाली. नवऱ्याचं पदही कामी आलं नाही, स्टालिन गेल्यावरच ती सुटली.

बाकीच्यांना तेवढंही नशीब लाभलं नाही. हिटलरविरुद्ध जगभरातून मदत गोळा करणाऱ्या ज्यू समितीशी जोडलेल्या तेरा जणांना १२ ऑगस्ट १९५२ रोजी गोळ्या घातल्या. त्यांत यिडिश कवी पेरेत्स मार्किश होता, लहान मुलांसाठी कविता लिहिणारा लेब क्वित्कोही होता.