सेमीफायनल, हवा आणि एक डिलीट केलेला मेसेज

(सोसायटीचा ग्रुप. गुरुवार, रात्री पावणेदहा. फुटबॉलची फायनल रविवारी सकाळी पावणेसातला, ए विंग विरुद्ध बी विंग.)

सी ३०५ : सेक्रेटरीसाहेब, एक विषय आहे. मुद्दाम ग्रुपवर टाकतोय, नंतर कोणी म्हणायला नको की पाठीमागून बोलले. गेल्या रविवारी आमच्या बी विंगबरोबरच्या सेमीफायनलला जो बॉल वापरला तो मऊ होता. अंगठा दाबला की आत जात होता. बॉल बी विंगने आणला होता. फायनलच्या आधी याचा सोक्षमोक्ष लागला पाहिजे.

बी ७०२ : दादा, ६–१ हरलात.

सी ३०५ : स्कोअरचा संबंध नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

बी ७०२ : सहावा गोल खाल्ल्यावर तत्त्व आठवलं होय.

सी ४०१ : हसण्यावारी नेऊ नका. आमचा सगळा खेळ लांब किकवर. त्या दिवशी बॉल उडतच नव्हता. भिजलेल्या उशीला लाथ मारावी तसं वाटत होतं. बी विंगची पोरं जमिनीलगत पास देतात, त्यांना काय फरक पडतो?

बी २०४ : काय राव, एकच बॉल होता, दोघांनी तोच खेळला. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की अख्खी पेठ येऊन बसते. हरल्यावर रेफ्रीला शिव्या घालतील, मैदानाला घालतील. पण हवेला शिव्या घातलेल्या मी तरी ऐकल्या नाहीत.

ए ३०३ : उद्या टँकर किती वाजता येणार?

सेक्रेटरी : नोटीस बोर्ड पाहावा.

सी ३०५ : मुद्द्यावर या. सामना सुरू व्हायच्या आधी बी विंगचा एक मुलगा बॉल घेऊन क्लबहाउसच्या टॉयलेटमध्ये गेला होता. मी स्वतः पाहिलं. बॉल घेऊन टॉयलेटमध्ये कोण जातं?

बी ७०२ : तो मुलगा मीच. गेल्या वेळी बॉल बाकावर ठेवून गेलो तर भुऱ्या तोंडात धरून पार गेटपर्यंत घेऊन गेला होता. म्हणून बरोबर नेला.

सी ४०१ : म्हणजे कुत्र्यावर ढकललं.

सी ३०५ : सीसीटीव्ही दाखवा.

सेक्रेटरी : फुटेजसाठी लेखी अर्ज द्यावा. कमिटीच्या बैठकीत विषय घेऊ. पुढची बैठक १५ तारखेला.

सी ३०५ : फायनल रविवारी आहे, साहेब!

सी ६०२ (काकू) : मी बोलू का? २०१५ च्या जानेवारीत मी बॉस्टनला होते, लेकीच्या बाळंतपणाला. नातू पंधरा दिवसांचा, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि जावईबापूंच्या तोंडी एकच विषय, बॉलमधली हवा. मी डिंकाचे लाडू वळत होते आणि टीव्हीवर एक गृहस्थ बॉल दाबून दाखवत होते. मला आधी वाटलं टायरची जाहिरात चालली आहे.

बी ७०२ : काकू, ते डिफ्लेटगेट! अमेरिकन फुटबॉलमधलं हवा काढल्याचं प्रकरण. तिथला पेट्रियट्स संघ आणि त्यांचा स्टार खेळाडू टॉम ब्रेडी.

सी ६०२ (काकू) : तेच ते. १८ जानेवारीला सेमीफायनलसारखा सामना होता, त्यांच्याच मैदानावर, भर पावसात. इंडियानापोलिसच्या कोल्ट्सना ४५–७ असं धुतलं. आणि मग ओरड सुरू, की पेट्रियट्सच्या बॉलमध्ये हवा कमी होती. दोन आठवड्यांनी अ‍ॅरिझोनात सुपर बोल, म्हणजे तिकडची फायनल, तोवर तिकडे दुसरी बातमीच नव्हती. सी विंगचं वाचून मला अगदी तेच दिवस आठवले हो.

सी ३०५ : काकू, तुम्ही सी विंगच्या आहात.

सी ६०२ (काकू) : आहे ना. म्हणून तर सांगतेय.

बी २०४ : पण तो बॉल हातात घेऊन पळतात, त्याला फुटबॉल कसं म्हणायचं?

सी ६०२ (काकू) : ते त्यांना विचारा. मुद्दा असा की तिथे प्रत्येक संघ चढाई करताना आपापले बॉल वापरतो. बारा बॉल यांचे, बारा त्यांचे. हवा १२.५ ते १३.५ पौंड हवी असा नियम. पावसात बॉल जरा मऊ असला की हातात पक्का बसतो, फेकायला आणि झेलायला सोपा. म्हणजे हवा काढली तर फायदा एकट्या आपल्याला. आपल्या मैदानावर दोघांना मिळून एकच बॉल. मग बी विंगने स्वतःच्याच बॉलची हवा कशाला काढावी, हे मला अजून कळलेलं नाही.

सी ४०१ : सांगितलं ना, आमची लांब किक.

बी ७०२ : तुमची लांब किक मागच्या वर्षी पार्किंगमधल्या ऑल्टोच्या काचेवर गेली होती. तेव्हा हवा भरपूर होती.

सी १०२ : 🌹 शुभ रात्री 🌹 चांगली माणसं आणि चांगले विचार जपून ठेवा.

ए ५०१ (सर) : जरा तांत्रिक बोलतो. आपल्या फुटबॉलच्या नियमांत दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर दिला आहे, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, काकूंचे पौंड तेच). बॉलवर व्हॉल्व्हपाशी कंपनीनेही आकडा छापलेला असतो, चष्मा लावून वाचावा. कॅप्टन, तू हवा कधी भरलीस?

बी ७०२ : सर, शनिवारी दुपारी, प्रॅक्टिसच्या आधी. गेजवर १० दाखवत होता. नंतर बॉल गाडीतच राहिला. गाडी ओपन पार्किंगमध्ये.

ए ५०१ (सर) : उन्हात तापलेल्या बंद गाडीत हवा भरलीस?

बी ७०२ : हो, मागच्या सीटवर बसूनच. बाहेर डास होते.

ए ५०१ (सर) : मग ऐका. जानेवारीत पुण्यात दुपारी बंद गाडीत ३५ अंश सहज धरा. सकाळी पावणेसातला आपल्या मैदानावर ११. केल्विनमध्ये ३०८ आणि २८४. गेज दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा. म्हणून १० मध्ये बाहेरची हवा मिळवायची. समुद्रकाठी १४.७ धरतात, पण पुणे ५६० मीटर उंचीवर, म्हणून १३.७५. झाले २३.७५. थंडीत दाब केल्विनच्या प्रमाणात घटतो, म्हणून गुणिले २८४, भागिले ३०८, आले २१.९. त्यातून १३.७५ वजा केले की उरले ८.१५. कोणी बोट न लावता बॉल नियमाच्या खाली गेला.

सी ३०५ : सर, कागदावर काहीही येतं.

ए ५०१ (सर) : चाळीस वर्षं शिकवलंय. कागदावर काहीही येत नाही, विद्यार्थी चुकला तरच येतं.

बी २०४ : 😂😂

सी ६०२ (काकू) : तिकडे अगदी हेच झालं. उबदार खोलीत भरलेले बॉल गार पावसात नेले. १२.५ चे नुसत्या थंडीने ११.३ ते ११.५ होतात, असं चौकशीतल्या शास्त्रज्ञांनीच लिहिलं. आणि मध्यंतराला मोजलं तर दोन गेज निघाले. एकावर सरासरी साडेअकराच्या आसपास, दुसऱ्यावर ११.१. एका गेजप्रमाणे गुन्हा नाही, दुसऱ्याप्रमाणे आहे. कोल्ट्सचे फक्त चारच बॉल मोजले. त्यातले तीन एका गेजवर १२.५ च्या खाली! जे बोंब मारत होते त्यांचेही.

सी ४०१ : मग सामन्याआधी किती होता ते बघायचं ना.

सी ६०२ (काकू) : तीच तर मेख. पंचांनी आधी मोजलं होतं, पण लिहून ठेवलं नाही. एवढी श्रीमंत लीग, करोडोंचा धंदा, आणि एका चिठ्ठीवर आकडे नाहीत. मग साडेतीन महिने चौकशी, २४३ पानी अहवाल, कोर्टकचेरी. आमच्याकडे दूधवाला कॅलेंडरवर रोज रतीब लिहितो.

सी ३०५ : सेक्रेटरीसाहेब, तुम्ही रेफ्री होतात. बॉल मोजला होता?

सेक्रेटरी : दाबून पाहिला होता. ठीक वाटला.

सी ३०५ : लिहिलं होतं?

सेक्रेटरी : नाही.

बी ७०२ : आणि काकू, मध्यंतरानंतर त्यांनी बॉल पुन्हा भरून दिले ना? त्यापुढेच पेट्रियट्सने जास्त गुण मारले.

सी ६०२ (काकू) : मध्यंतराला १७–७, नंतर आणखी २८. म्हणजे हवेने जिंकले नाहीत, हे मान्य. पण म्हणून सगळे धुतल्या तांदळासारखे असंही नाही. तुझ्यासारखाच तिथला एक कर्मचारी बॉलची पिशवी घेऊन टॉयलेटमध्ये गेला होता, १ मिनिट ४० सेकंद. कॅमेऱ्यात सापडला. शिवाय जुन्या मेसेजमध्ये स्वतःला ‘डिफ्लेटर’ म्हणवून घेत होता. संघाने काय खुलासा केला माहीत आहे? म्हणे ते वजन कमी करण्याबद्दल होतं.

बी २०४ : अगागागा.

सी ६०२ (काकू) : आणि ब्रेडीसाहेबांनी चौकशीच्या सुमारास आपला फोन नष्ट करायला लावला. अहवालात पुराव्याची भाषा अशी, की ‘झालं नसेल त्यापेक्षा झालं असण्याची शक्यता जास्त’. ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड. एका न्यायाधीशाने बंदी उठवली, वरच्या कोर्टाने परत घातली. माझं मत विचाराल तर तो फोनमुळे अडकला, हवेमुळे नाही. आधी २००७ मध्ये त्याच संघाने दुसऱ्यांच्या खुणांचं चोरून चित्रण केलं होतं, तेव्हा प्रशिक्षक बेलिचिकना पाच लाख डॉलर दंड झाला होता. एकदा दुधाने तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात, दुसऱ्याचं सुद्धा.

सी ३०५ : मेसेजवरून आठवलं. रविवारी सामना संपल्यावर ७:४८ ला बी ७०२ ने याच ग्रुपवर मेसेज टाकला आणि लगेच डिलीट केला. अजून दिसतंय, ‘हा मेसेज डिलीट केला आहे’. काय होतं त्यात?

बी ७०२ : चुकून पडला होता. दुसऱ्या ग्रुपचा.

सी ४०१ : फोन नष्ट करू नकोस म्हणजे झालं.

बी ७०२ : 🙏

ए ५०१ (सर) : पुरे. उद्या दुपारी तीनला बॉल तुझ्या गाडीत ठेव. मी १० भरून देतो, सी ३०५ समोर उभे राहतील. परवा सकाळी सव्वासहाला त्याच गेजने मोजायचं. गाडीची किल्ली रात्रभर वॉचमनकडे.

सी ३०५ : किल्ली माझ्याकडे द्या.

बी ७०२ : गाडी माझी आहे, दादा.

सेक्रेटरी : किल्ली वॉचमनकडे. ग्रुप रात्री ११ नंतर शांत ठेवावा, ही विनंती पुन्हा.

(शनिवार, सकाळी ६:४६)

ए ५०१ (सर) : मोजलं. फोटो टाकतो आहे. ८.३. बॉल रात्रभर गाडीत होता, म्हणून बाहेरच्यापेक्षा थोडा उबदार. मैदानावर वीस मिनिटं ठेवून पुन्हा मोजला, ८.१. सी ३०५ हजर होते, कानटोपी घालून.

सी ३०५ : मी माझा गेज नेला होता. त्यावर ७.७ आला.

ए ५०१ (सर) : आणि काल दुपारी तुमच्याच गेजवर १० ऐवजी ९.६ होता. विसरलात? तुमचा गेज सुरुवातीपासून ०.४ कमी दाखवतो. कोणता गेज खरा हे मला माहीत नाही. फक्त दोन्ही वेळा एकच वापरायचा.

बी ७०२ : म्हणजे मी सुटलो.

सी ६०२ (काकू) : ब्रेडीसुद्धा असंच म्हणाला होता.

सी ३०५ : हवेचं मी मान्य करतो. अंगठा आजही तेवढाच आत गेला, खरं सांगतो. निकालाबद्दल तक्रार मागे. पण फायनलला ए विंगचे सेक्रेटरी रेफ्री नकोत. ए विंग स्वतः खेळते आहे.

सेक्रेटरी : मग कोण?

बी २०४ : सी ३०५ यांनाच रेफ्री करा की. बाहेर बसून नुसती कुरकुर करण्यापेक्षा.

बी ७०२ : मला चालेल.

ए ६०३ (ए विंग कॅप्टन) : आम्हालाही चालेल. बॉल कोणाचा?

ए ५०१ (सर) : दोन्ही विंगचे बॉल आणा, चिठ्ठी टाकून एक निवडा. रविवारी साडेसहाला मैदानावरच, थंडीत हवा भरायची. माझा गेज. आकडा वॉचमनच्या रजिस्टरमध्ये, गाड्यांच्या नोंदी असतात त्याच पानावर, दोन्ही कॅप्टनची सही. मध्यंतराला पुन्हा मोजायचं. ऊन आलं की वाढेल, कोणी दचकू नका.

ए ३०३ : टँकर आला नाही.

सेक्रेटरी : फोन केला आहे.

सी ६०२ (काकू) : रविवारी सामन्यानंतर पोहे आमच्याकडून. दोन्ही विंगना.

बी २०४ : काकू, तिकडचा सुपर बोल शेवटी कोण जिंकलं?

सी ६०२ (काकू) : पेट्रियट्सच. २८–२४. शेवटची पंचवीसेक सेकंदं राहिली असताना समोरचा सिएटलचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर. सगळ्यांना वाटलं गेला सामना. तेवढ्यात बटलर नावाच्या अगदी नव्या मुलाने मधेच झडप घालून बॉल पकडला. जावईबापू असे ओरडले की तान्हं बाळ दचकून रडायला लागलं आणि लेकीने दोघांना बाहेर काढलं. त्या दिवशी बॉल कसे होते हे कोणी विचारलं नाही.

सी ३०५ : रेफ्री म्हणून माझी एकच अट. बी ७०२ ने डिलीट केलेला मेसेज काय होता ते सांगावं. त्याशिवाय शिट्टी हातात घेणार नाही.

बी ७०२ : दादा, राहू द्या ना.

सी ४०१ : सांग, सांग. ‘वजन कमी करण्याबद्दल’ म्हणू नकोस.

बी ७०२ : हवेबद्दल एक शब्द नव्हता. आईशप्पथ.

ए ६०३ (ए विंग कॅप्टन) : मग कशाबद्दल?

बी ७०२ : सेक्रेटरीकाकांच्या शिट्टीबद्दल होता.

सेक्रेटरी : शिट्टीबद्दल काय?

ए ३०३ : टँकर आला. पण गेटमध्ये एक ऑल्टो उभी आहे, कोणाची आहे ती काढा.