हेच आयुष्य जसंच्या तसं पुन्हा मिळालं तर घ्याल का?

टिपकागद (धागाकर्ता)
पुनर्जन्माचा विषय निघाला की पुरावा आहे की नाही यावरच सगळे अडून बसतात. मला आज वेगळंच विचारायचंय. समजा पुढचा जन्म आहे, पण तो नवा नाही, हाच आहे. तेच आईबाप, त्याच चुका, तीच आजारपणं, काना-मात्रेचाही फरक नाही, आणि असं अनंत वेळा. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८२ मध्ये हा प्रश्न एका सैतानाच्या तोंडी घातला होता: हे ऐकून तू त्याला शिव्याशाप देशील की देव म्हणशील? आपल्याकडे जन्ममरणाचा फेरा ही सुटायची गोष्ट. हा बाबा विचारतो, तो हवासा वाटेल असं जगलास का?

चाळिशीपर्यंत माझं उत्तर 'नको रे बाबा' असंच होतं. मग लक्षात आलं, एक चूक खोडली की तिच्यामागून आलेलं सगळंच खोडावं लागतं. पहिली नोकरी गेली नसती तर मी गाव सोडलं नसतं, आणि मग ही बायको, ही मुलगी कुठली? म्हणून आता माझं उत्तर 'घेईन'.

उलटतपासणी
मागचं आठवणार आहे का, ते आधी सांगा. आठवणार नसेल तर ही पहिली खेप की दहा हजारावी, कुणाला काय फरक पडतो? आणि आठवणार असेल तर ते आयुष्य 'तेच' राहत नाही. म्हणजे प्रश्न दोन्हीकडून पोकळ.

पुनर्जन्माचंही तेच. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने सतराव्या शतकातच हे मांडलंय: सॉक्रेटिसचाच आत्मा माझ्यात आहे असं मानलं, पण त्याचं एकही कृत्य मला आपलं म्हणून आठवत नसेल, तर मी सॉक्रेटिस कसला? मग मागच्या जन्मीच्या थकबाकीची वसुली माझ्याकडून का?

खुंटी
आठवत नाही म्हणजे काहीच मागे राहत नाही, हे कुणी ठरवलं? एच. एम. या नावाने ओळखला जाणारा रुग्ण आठवा. १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नवं काही लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याला वाटायचं, आपण हे प्रथमच करतोय, पण हात मात्र दिवसागणिक सफाईदार होत गेला. स्मृती नाही, संस्कार आहे! आपले लोक वेगळं काय म्हणत होते?

उलटतपासणी
हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. नव्या आठवणी घडवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, त्याचा बराच हिस्सा काढला म्हणून आठवण गेली, सवयी सांभाळणारे भाग शाबूत होते म्हणून हात शिकला. संस्कार राहिला तो मांसात. मांसच उरलं नाही तर राहणार कुठे?

खुंटी
नवजात बाळ शिकवल्याशिवाय दूध ओढतं, ते कशाने? न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी हेच पूर्वजन्माचं गमक मानलंय.

उलटतपासणी
तिथेच पुढे आक्षेपही आहे, लोखंड चुंबकाकडे जातं तसं बाळ जातं.

खुंटी
पूर्वपक्ष वाचलात आणि उत्तर गाळलंत, छान! लोखंड चुंबकाकडेच जातं, भलतीकडे नाही, म्हणजे त्यालाही ठरावीक कारण आहे, असं सूत्रकार लगेच म्हणतात.

उलटतपासणी
कारण असणारच, मान्य. ज्या पिल्लांना चोखता आलं नाही त्यांचा वंशच पुढे आला नाही, हे ते कारण. मागचा जन्म आहे हो, फक्त तो पूर्वजांचा.

निमिष२
अवांतर: पुनरावृत्तीला गणिती आधार आहे म्हणून कुणी फ्रेंच गणिती प्वांकारेचं १८९० चं पुनरावर्तनाचं प्रमेय आणेल, म्हणून आधीच सांगतो. ते बंदिस्त, मर्यादित व्यवस्थेला लागू आहे, आणि तीही मूळ स्थितीच्या फक्त जवळपास परत येते. विश्व प्रसरण पावतंय. तिथे हे जसंच्या तसं लावता येत नाही.

खुंटी
आणि मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या, मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सनने केलेल्या नोंदी? दोन हजारांहून जास्त मुलं!

उलटतपासणी
त्यांनी स्वतः 'पुनर्जन्म सुचवणारी प्रकरणं' एवढंच म्हटलं, 'सिद्ध करणारी' नाही. तुम्ही त्यांच्याही पुढे धावताय. बऱ्याच प्रकरणांत नोंद होण्याआधीच मुलाचं आणि त्या मृत व्यक्तीचं, दोन्ही घरं एकमेकांना भेटलेली होती, हेही लिहा की.

सांजवात
तुमचं दोघांचं चालू द्या. मला टिपकागद यांच्याशी बोलायचंय.

तुमची चूक फिरून तुमच्या मुलीपर्यंत पोचली, म्हणून हिशेब जुळला. माझा मुलगा नऊ दिवस जगला. त्यातून पुढे काहीही 'चांगलं' निघालं नाही, आणि कुणी तसं सुचवलं की माझं डोकं फिरतं. तरी ते नऊ दिवस पुन्हा हवेत का विचाराल तर मी लगेच हो म्हणेन. दहाव्या दिवसासकट. पण ते माझ्यापुरतं. माझं आयुष्य जसंच्या तसं परत यायचं तर त्यालाही तेच भोगायला परत यावं लागेल ना? त्याच्या वतीने हो म्हणणारी मी कोण?

आणि उलटतपासणी, स्मृतीचा मुद्दा तुम्ही उडवून लावता तितका कोरडा नाही. तुकोबांना मुक्ती नको होती, खुशाल गर्भवासात घाला म्हणाले. पण आधी मागणं काय? विसर पडू देऊ नकोस. जन्म फुकट पत्करलेला नाही त्यांनी.

उलटतपासणी
तो विसर देवाचा, मागच्या जन्माचा नव्हे. तरी मुद्दा पोचला. यावर पटकन काही लिहीत नाही.

टिपकागद
सांजवात, मी 'घेईन' म्हणालो तेव्हा माझ्या मागे कोणकोण ओढलं जाईल याचा विचारच केला नव्हता. नोकरी गेली त्या वर्षी वडील माझ्या काळजीने खंगले. माझ्या हिशेबात ते कुठेच नव्हते.

शीर्षक आता बदलता येत नाही. नाहीतर 'घ्याल का' खोडून 'द्याल का' केलं असतं.