एन.डब्ल्यू.ए. कशानं फुटली: हिशोबानं की हवेनं?

तापीकाठचा_भो
अमळनेरला एका हळदीत डीजे अहिराणी वाजवत होता आणि आम्ही मांडवामागं कॉम्प्टनच्या पोरांवरून, म्हणजे अमेरिकेतल्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपवरून, भांडत होतो. तेच इथं मांडतो. १९८८ला त्यांचा 'स्ट्रेट औटा कॉम्प्टन' अल्बम आला. रेडिओ वाजवेना, एमटीव्हीनं व्हिडिओ नाकारला, तरी खपला. १९८९ला एफबीआयच्या अधिकाऱ्यानं पोलिसांवरच्या गाण्यापायी अल्बम विकणाऱ्या कंपनीला पत्र धाडलं. फुकटची जाहिरात! आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्रुपमधला रॅपर आइस क्यूब बाहेर. ढीगभर गाणी लिहिली त्यानं, हिशोब मात्र ग्रुपमधलाच इझी-ई आणि मॅनेजर जेरी हेलरकडं. हिशोबाची पट्टी न दाखवणाऱ्या व्यापाऱ्याला दुसऱ्यांदा केळी कोण देतो? ग्रुप तिथंच मेला.

रावेरकर
मेला? क्यूब गेल्यावर १९९१चा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक नंबरला गेला की! मोडलं ते त्याच वर्षी संगीत करणारा डॉ. ड्रे ग्रुप सोडून गेल्यावर. लिहायला रेन होता, डी.ओ.सी. होता. बीट कोण करणार? आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांना विचार. गाणारा बसला तर दुसरा उभा करतात. कॅसिओवाला रुसला की सुपारी परत.

तापीकाठचा_भो
आणि ड्रे कशापायी गेला रे भो? पैशापायीच ना!

रावेरकर
पैसा होताच. पण शुग नाइटसोबत स्वतःची डेथ रो ही रेकॉर्ड कंपनी काढायची होती, ते विसरतोस. मालक व्हायचं होतं त्याला.

साक्रीरोड
तुम्ही दोघं सिनेमा पाहून बोलताय. ग्रुपवरच्या २०१५च्या त्या सिनेमाचे निर्माते कोण? क्यूब आणि ड्रे. हेलरनं बदनामीचा ११ कोटी डॉलरचा दावा ठोकला होता त्यावर. इझी १९९५लाच एड्सनं गेला, त्याची बाजू मांडायला कोण उरलं? ग्रुपची गाणी काढणारी रुथलेस रेकॉर्ड्स कंपनी त्याची. कोणी विचारत नव्हतं तेव्हा खिशातला पैसा त्यानं घातला. पैसा घालणाऱ्याला चोर म्हणायची आपली जुनी खोड.

कळण्याची_भाकर
दादा, पैसा घातला म्हणून सगळंच त्याचं होतं का? आमच्या कॉलनीत चार जणांनी अहिराणी रॅप सुरू केलं होतं. शब्द माझे. (घरी माहीत नव्हतं, म्हणून नाव कुठंच नाही.) माइक एकानं मामाकडून उसने पैसे आणून घेतला, तर चॅनलचा पासवर्ड त्याच्याकडे, बँक खातंही त्याचंच. एक गाणं हळदीत वाजायला लागलं आणि सहा महिन्यांत कोणी कोणाशी बोलेना. दोघं आता चाकणला कंपनीत आहेत. त्याचंही खोटं नव्हतं, मामाचे पैसे त्यानंच फेडले. पण विचारलं की म्हणायचा, 'माझ्यावर भरवसा नाही का?' कागदावर एक ओळ लिहिली असती तर भरवशाचा प्रश्नच आला नसता.

साक्रीरोड
ताई, हे मात्र बराबर शे. इझीबद्दल माझं मत तेच आहे, तरी.

तापीकाठचा_भो
पासवर्ड अजून त्याच्याकडेच?

कळण्याची_भाकर
हो. गेल्या आठवड्यात मावसबहिणीच्या हळदीत तेच गाणं लागलं.

रावेरकर
मग? उठून गेल्या का?

कळण्याची_भाकर
नाचले. दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकलाय, तो अजून खुपतो.