मदत हवी आहे: यूव्ही देऊनही डिस्चार्ज आर्क मारतोय!!

ठिणगीबहाद्दर: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. टीईए (वातावरणाच्या दाबावर चालणारा) सीओटू लेसर जोडलाय, इलेक्ट्रोडच्या दोन्ही बाजूंना प्रीआयोनायझेशनसाठी (मेन डिस्चार्जच्या आधी यूव्हीने गॅस थोडा आयनित करायला) स्पार्क पिनांच्या रांगा आहेत, पिना एकजात पेटतात, मेन डिस्चार्जही पहिले वीसेक शॉट जांभळट पडद्यासारखा मस्त पसरतो आणि मग उजव्या टोकाला पांढरीफटक रेघ, म्हणजे आर्क. की संपलंच. अजून पिना वाढवू का? लवकर सांगा.

जुनाखोड: गॅस मिक्स काय, गॅप किती, पिना मेनच्या किती आधी पेटतात? काहीच लिहिलं नाहीये. अंतर्ज्ञानाने सांगू का?

ठिणगीबहाद्दर: अहो नेहमीचाच गॅस.

नायट्रोवाला: सीओटू सोडा, नायट्रोजन लेसर करा. साध्या हवेतही चालतो, आरसेसुद्धा लागत नाहीत, ३३७.१ नॅनोमीटर!

जुनाखोड: @नायट्रोवाला त्यांना सीओटूची १०.६ मायक्रॉन तरंगलांबी हवीय. प्रत्येक धाग्यावर तुमचं तेच.

प्रोफाइलप्रेमी: यूव्हीबिव्हीने काही होत नाही. टोकाशी फील्ड चढलं की आर्क तिथंच बसणार. इलेक्ट्रोडला चँग नाहीतर रोगोव्स्की प्रोफाइल काढा, म्हणजे कडा हळूहळू वळत्या ठेवा.

जुनाखोड: अर्धंच बरोबर. यूव्ही गॅपभर आधीच थोडे थोडे इलेक्ट्रॉन पेरून ठेवतं, मग अ‍ॅव्हलांच (इलेक्ट्रॉनांचे वाढत जाणारे लोंढे) एकमेकांत मिसळतात, एकाच वाटेने धावत नाहीत. नुसती कड वाईट असती तर आधीचे वीस शॉट कसे गेले? @ठिणगीबहाद्दर गॅस वाहता की कोंडलेला? हेलियम किती?

ठिणगीबहाद्दर: कोंडलेला. हेलियम आहे थोडं, सीओटू जास्त ठेवलाय, पॉवर मिळावी म्हणून.

जुनाखोड: हे आधी सांगायचं ना राव! शॉटगणिक सीओटू फुटून सीओ आणि ऑक्सिजन होतो, तो ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळतो. वर सीओटू स्वतःच यूव्ही पितो, पिनांचा उजेड मध्यापर्यंत पोचणार कसा? हेलियम बख्खळ ठेवा, मिक्स वाहतं ठेवा. पिनांना हात लावू नका.

लेन्सवेडा: लेन्स झिंक सेलेनाइडची घ्या हं, काचेतून १०.६ जात नाही.

जुनाखोड: लेन्सचं कोणी विचारलंय?

ठिणगीबहाद्दर: गॅस वाहता केला, हेलियम वाढवलं. शंभर शॉट झाले, पडदा टिकला! फक्त उजवीकडे मधूनच एखादी रेघ. आत्ता बोट फिरवलं तर तिथं इलेक्ट्रोडला बारीक खड्डा लागतोय, घासू का?

प्रोफाइलप्रेमी: म्हटलं होतं ना!! पण बोट घालायच्या आधी कपॅसिटर शॉर्ट केला होतात ना?