वायोमिंगमधील पहिली प्राँगहॉर्न शिकार : गाइडशिवाय जावे का?

रानवाट (धागाकर्ता)

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आम्हा तिघा मित्रांचा पुढच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग राज्यात जाऊन प्राँगहॉर्न या हरणासारख्या माळरानी प्राण्याची शिकार करण्याचा बेत आहे. ती कोणत्याही व्यावसायिक गाइडशिवाय, स्वतःच्या बळावर करावी असे माझे ठाम मत आहे. मित्रांपैकी एकाला हे अजिबात पटलेले नाही. म्हणून माझी बाजू येथे सविस्तर मांडतो. विरोधी मते अवश्य यावीत.

घरापासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर, अनोळखी मुलखात, पहिलीच शिकार करायची असेल तर प्राँगहॉर्नइतका सोयीचा मोठा प्राणी अमेरिकेत दुसरा नाही. एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जायचे तर उंच डोंगर चढावे लागतात, आणि हाती लागलाच तर एवढे मोठे धूड खाली आणायचे कसे हा प्रश्न उरतोच. प्राँगहॉर्न मात्र सेजब्रश या खुरट्या झुडपांच्या उघड्या माळावर दिवसभर डोळ्यांसमोर असतो. एक पाठलाग फसला तरी काही वेळाने दुसरा कळप दिसण्याची शक्यता असते, त्यामुळे डोंगरात अनेक हंगामांत शिकायला मिळेल तेवढे नवशिक्याला येथे एकाच दिवसात शिकता येते. नराचे वजन पन्नास किलोच्या आसपास असते आणि दोन माणसांना तो गाडीपर्यंत आणता येतो. कायद्याचीही आडकाठी नाही. राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला मोठ्या प्राण्यांसाठी गाइडची सक्ती आहे ती फक्त घोषित विल्डरनेस, म्हणजे कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या क्षेत्रांत, आणि ही क्षेत्रे डोंगरांत आहेत, प्राँगहॉर्नच्या माळावर नव्हेत.

खर्चाचा मुद्दा आहेच. बाहेरच्या माणसाला साधा परवाना ३२६ डॉलरला आणि वर अर्जाचे १५ डॉलर, असा पडतो. परवान्यांच्या सोडतीत आपला नंबर लागण्याची शक्यता वाढावी म्हणून ‘स्पेशल’ गटातून अर्ज केला, तर २०२४ पासून त्याच परवान्याचे १,२०० डॉलर होतात. गाइड घेतला की त्यावर आणखी काही हजार. तरीही माझ्या लेखी पैसा हे दुय्यम कारण आहे. गाइड असला की कोठे थांबायचे, कोणता कळप सोडायचा, कोणत्या लवणातून सरपटत जायचे आणि वारा कोठून आहे, हे सारे तोच ठरवतो. आपल्या वाट्याला फक्त चाप ओढणे उरते. त्याला मी शिकार म्हणायला तयार नाही.

कॅस्परकर

रानवाट साहेब, मी बरीच वर्षे वायोमिंगमध्येच राहतो आणि आपल्या बेताला माझा विरोध आहे. गाइड सक्तीचा नाही एवढ्यावरून तो अनावश्यक ठरत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. राज्यात प्राँगहॉर्न पुष्कळ आहेत हे खरे, पण बाहेरच्या माणसाला ज्या क्षेत्रांचे परवाने सहज मिळतात, त्यांतली बरीचशी पूर्वेकडची असून तेथे जमीन मुख्यतः खासगी आहे. अशा क्षेत्रांपुढे राज्याचा शिकार विभाग स्वतःच सार्वजनिक प्रवेश अवघड असल्याची सूचना देतो, आणि तरीही दरवर्षी लोक अर्जात तीच क्षेत्रे भरतात व मग कुंपणाबाहेरून कळप पाहत बसतात. ज्या क्षेत्रांत केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाची, म्हणजे बीएलएमची, सलग जमीन आहे, तेथे बाहेरच्यांचे बहुतेक परवाने वर्षानुवर्षे प्राधान्य गुण साठवणाऱ्यांना जातात आणि नवख्यांसाठी सोडतीत थोडेच उरतात.

दक्षिणेकडे तर बुद्धिबळाचा पट आहे. १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैल जमीन दिली, त्यामुळे सरकारी आणि खासगी चौकोन फक्त कोपऱ्यांना चिकटलेले राहिले. कार्बन काउंटीतल्या एका खटल्यात मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने, खासगी जमिनीला पाय न लावता कोपऱ्यावरून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाण्यास मुभा दिली. तो निकाल वाचून बाहेरचे लोक फार निर्धास्त झाले आहेत. कोपरा हा एक बिंदू असतो आणि फोनवरचा नकाशा काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. मोजणीची खूण गवतात सापडली नाही तर आपण कोणाच्या जमिनीत उभे आहात हे आपल्याला कसे कळणार?

दुसरी गोष्ट नेमबाजीची, आणि माझा खरा विरोध येथे आहे. न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला सेंटरफायर रायफल चालत नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य चालते. म्हणजे जिवंत प्राण्यावर रायफल रोखण्याचा आपला अनुभव जवळपास शून्य असणार. शंभर मीटरच्या रेंजवर टेबलाला टेकून कागदावर पाडलेल्या भोकांचा माळावर फारसा उपयोग होत नाही. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा तीनशे मीटरवर साधारण रायफलची गोळी सुमारे वीतभर सरकवतो, आणि येथे तेवढ्या वाऱ्याला कोणी वारा म्हणत नाही. छातीवर धरलेला नेम वीतभर मागे गेला की गोळी पोटात लागते. मग तो प्राणी आतडी लोंबत असताना दोन टेकड्यांपलीकडे धावत जातो आणि आपण संध्याकाळभर दुर्बीण लावून त्याला शोधत राहता. शेजारी गाइड असता तर ‘मारू नका’ एवढे तरी तो म्हणाला असता.

रानवाट

जमिनीबद्दलचा इशारा मोलाचा आहे, परंतु तो अभ्यास करून जाण्याच्या बाजूचा आहे. गाइड घेण्याच्या बाजूचा नव्हे. क्षेत्रांचे नकाशे, मागील वर्षांच्या सोडतीचे आकडे आणि शिकारीच्या यशाचे प्रमाण विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कोपऱ्यांच्या भानगडीत न पडता, सार्वजनिक रस्त्याला लागून असलेली, नकाशावर पिवळी दाखवलेली बीएलएमची जमीन किंवा विभागाने जमीनमालकांशी करार करून पायी शिकारीसाठी खुली केलेली शेते, एवढ्यांतच राहायचे असे आम्ही ठरवले आहे.

नेमाच्या बाबतीत मात्र आपला निष्कर्ष मला पटत नाही. गाइड शेजारी बसला म्हणून माझा हात स्थिर होत नाही. उलट मोजून पैसे घेतलेल्या गाइडवर गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने न पाठवण्याचे दडपण असते, आणि ‘तीनशे आहे, जमेल, मारा’ हे वाक्य त्याच्याच तोंडून येण्याचा संभव अधिक. दोनशे मीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला तर तो मोडायला लावणारा तेथे कोणी नसेल. दोनशेच्या आत पोचण्यासाठी सरपटावे लागेल, तर सरपटू. गुडघ्यांना पॅड आणि हातांत जाड मोजे घेऊन जाणार आहोत, कारण सेजब्रशच्या खाली जमिनीलगत पसरलेला निवडुंग दिसत नाही, टोचल्यावरच कळतो, असे तेथे जाऊन आलेल्या सर्वांचे सांगणे आहे. शिवाय प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, तारेखालून जातो. रोज वापरलेल्या अशा जागी तारेला केस अडकलेले असतात आणि खाली माती झिजलेली असते. अशी जागा हेरून, योग्य अंतरावर, आपला वास वाऱ्याने कळपाकडे जाणार नाही अशा बाजूला बसून राहणे नवशिक्यालाही जमेल.

माळढोक

आपण दोघेही प्रश्नाची सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून करत आहात, असे नम्रपणे सुचवते. गाइडसह की गाइडशिवाय हे नंतर. मुळात हौस म्हणून तीन हजार किलोमीटर जाऊन एक निरुपद्रवी तृणभक्षी मारायचाच कशासाठी? २०२२-२३ च्या भीषण हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये हजारो प्राँगहॉर्न उपासमारीने आणि रोगाने मेले. आपल्याकडे कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य करावे लागले, १९७२ च्या कायद्याने काळविटाच्या शिकारीवर बंदी आली, आणि पिढ्यान्पिढ्या फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्यांनाही ती सोडावी लागली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी सोडायची आणि ज्यांचे फ्रीज भरलेले आहेत त्यांनी विमानाने किंवा गाडीने जाऊन मारायची, यातली विसंगती आपल्याला टोचत नाही का?

कॅस्परकर

ताई, या मुद्द्यावर मी रानवाट यांच्या बाजूचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनिर्बंध शिकारीने प्राँगहॉर्नची संख्या काही हजारांवर आली होती. ती पुन्हा लाखांत गेली, याला शिकारीचे नियमन आणि शिकाऱ्यांचा पैसा ही मोठी कारणे आहेत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. आपण म्हणता त्या हिवाळ्यानंतर विभागाने हजारो परवाने कमी केले आणि काही क्षेत्रांत माद्यांची शिकार जवळपास थांबवली. भारतात अशी क्षेत्रवार मोजणी करून परवाने देण्याची व्यवस्था नव्हती, संस्थानिक आणि साहेबांच्या बंदुकांनी कळप संपवल्यावर थेट बंदीच आली. कोल्हापूर संस्थानात तर काळविटांवर पाळीव चित्ते सोडत असत. दोन्हींची तुलना सरसकट करता येणार नाही.

माळढोक

मोजणी होते हे मान्य आहे. पण ती व्यवस्था किती प्राणी मरावेत एवढेच ठरवते, ते कसे मरावेत हे नाही. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते असे वाचले. अर्ज करताना नेम किती अचूक आहे हे मात्र कोणी विचारत नाही. जखमी होऊन निसटलेला प्राणी परवान्याच्या हिशेबात धरलाच जात नाही. तेव्हा नवख्याने एकट्याने जावे की नाही या आपल्या वादात माझे मत कॅस्परकरांच्या पारड्यात टाका, जरी आम्हा दोघांची कारणे वेगळी असली तरी.

ओहायोचा_पाहुणा

जरा विषयाला जोडूनच एक शंका. मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्रांबरोबर अशा शिकारीला मला जाता येईल का, की बंदूक हातात घेणेच गुन्हा ठरेल?

रानवाट

तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे, परंतु कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना आपल्याजवळ असल्यास त्यातून सूट मिळते. राज्यांचे नियम मात्र वेगळे असतात, आणि प्रकरण बिघडले तर व्हिसाही धोक्यात येईल. म्हणून माझ्या शब्दावर न जाता वकिलाला विचारूनच पाऊल उचलावे.

उंबरठा

गाइड की एकट्याने, या दोन टोकांच्या मधला एक मार्ग कोणीच सुचवलेला नाही. पहिल्या वर्षी शिंगांचा हव्यास सोडा आणि मादी किंवा पाडसापुरता परवाना घ्या. बाहेरच्या माणसालाही तो ३४ डॉलरला मिळतो, अनेकदा पूर्वेकडच्या खासगी जमिनीच्या क्षेत्रांत. एखाद्या जमीनमालकाला आधी फोन करून प्रवेशाचे पैसे भरा. तो गाइड नसतो, पण कळप सकाळी कोठे असतात आणि पाऊस पडल्यावर कोणत्या रस्त्यावर गाडी घालायची नाही हे सांगतो. तेथली चिकण माती ओली झाली की चारही चाकांना जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीसुद्धा जागची हलत नाही.

आणि या धाग्यात नेमाबद्दल इतके लिहून झाले, पण मांसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. प्राँगहॉर्नचे केस पोकळ असतात आणि अंगातली उष्णता धरून ठेवतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी पारा पंचवीसवर जाऊ शकतो. प्राणी पडल्यावर आधी परवान्याचे कुपन तारीख टाकून, सही करून लावायचे. मग फोटो काढत बसायचे नाही, तिथल्या तिथे पोट साफ करून कातडी उतरवायची, मांस सुती पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचे, आणि वितळलेले पाणी काढत राहायचे म्हणजे मांस त्यात भिजणार नाही. ‘प्राँगहॉर्नला सेजचा उग्र वास येतो’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कातडीसकट गाडीच्या टपावर बांधून दिवसभर उन्हात फिरवलेला असतो. खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा तेथे गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

रानवाट

उंबरठा यांची मांसाबद्दलची सूचना पूर्णपणे स्वीकारतो. याच कारणाने विमानाने न जाता गाडीने जाण्याचे आम्ही ठरवले आहे. विमानात रायफल कुलूपबंद पेटीत, काउंटरवर नोंदवून नेता येते, पण पंधरा-वीस किलो थंड मांस परत आणणे ही वेगळीच कसरत होते. मादीच्या परवान्याचा विचार मात्र मला अर्धाच पटतो. नेम साधण्याचा सराव म्हणून तो उत्तम आहे, पण पैसे भरून खासगी शेतात शिरलो की मालक दाखवील त्या कोपऱ्यात जाऊन बसायचे, म्हणजे पुन्हा गाइडचेच राज्य. सार्वजनिक जमीन सर्वांची आहे, आणि आमच्यासारख्या स्थलांतरितांना या देशात विनापरवानगी पाय ठेवता येईल असा एवढा मोठा मुलूख दुसरा नाही. तो हक्क पहिल्याच वर्षी वापरावा असे मला वाटते.

कॅस्परकर

हक्क वापरावा, याला हरकत नाही. दोनशे मीटरच्या नियमात माझ्याकडून एक भर घाला: सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासात गोळी झाडायची नाही, कारण जखमी प्राणी शोधायला उजेड लागतो. क्षेत्र निवडण्यापूर्वी तेथल्या वॉर्डनला किंवा विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. ते लोक मोकळेपणाने बोलतात, आणि या वर्षी कळप कोठे सरकले आहेत, कोणत्या रस्त्यांना नवी फाटके लागली आहेत, हे नकाशावर नसलेले त्यांना ठाऊक असते. अर्जाची मुदत जूनच्या सुरुवातीला संपते, तेव्हा हे फोन मे महिन्यातच व्हायला हवेत.

एवढे केल्यावरही माझे मत कायम आहे. तिघांपैकी एकाने तरी याआधी रायफलने प्राणी मारून, सोलून, बर्फात घातलेला नसेल, तर पहिल्या दिवसापुरता का होईना, गाइड घ्यावा. आपला जो मित्र विरोध करतो आहे, त्याने असे काही पूर्वी केले आहे का, हे आपण सांगितलेले नाही.

रानवाट

त्याने टेक्सासमध्ये रानडुकरांची शिकार केली आहे, तीही गाइडबरोबर. त्याचा विरोध त्या अनुभवातूनच आलेला आहे. आमच्यापैकी सोलण्याचे काम येणारा तोच एकटा आहे, त्यामुळे त्याला वगळून जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. एका दिवसाच्या गाइडचा खर्च त्याने स्वतः उचलण्याची तयारी दाखवली आहे. मी अजून होकार दिलेला नाही.