स्थूल रुग्णात एनटी-प्रोबीएनपी नॉर्मल आलं, तर हार्ट फेल्युअर नाकारायचं का?

प्रश्न: मेडिसिन_निवासी

जर्नल क्लबसाठी रचलेली केस आहे, खरा रुग्ण नाही. स्त्री, वय ६४, उंची १५६ सेंमी, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय ३७.८. बीपीची दोन औषधं चालू. एक जिना चढला की धाप लागते, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. ईसीजीत सायनस ऱ्हिदम. टू-डी इकोत ईएफ (दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ६२ टक्के, ई बाय ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज) ११, पल्मनरी आर्टरीचं (फुफ्फुसाच्या धमनीचं) सिस्टॉलिक प्रेशर ३०, लेफ्ट एट्रियमचं (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचं) आकारमान ६६ मिली (शरीराच्या मानाने काढलेला इंडेक्स ३३). हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन ठीक. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की बीएनपी या हार्मोनबरोबर रक्तात सुटणारा तुकडा, हार्ट फेल्युअर ओळखायला मोजतात) ९८ पिकोग्रॅम प्रति मिली, लॅबचा कटऑफ १२५.

९८ आलं म्हणून "धाप वजनामुळे आहे" असं लिहून फाइल बंद करणं बरोबर आहे का? चरबी वाढली की हा हार्मोन कमी का होतो? आणि निदान पक्कं झालं तर सेमाग्लुटाइडच्या (वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या) चाचण्यांतून अशा रुग्णासाठी नेमकं काय घ्यायचं?

उत्तर १: इकोरूम

फाइल बंद करू नका. १२५ हा आकडा सरसकट सगळ्यांना लावायचा नाही. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या हार्ट फेल्युअर असोसिएशनने २०२३ मध्ये सुचवलंय की बीएमआय ३० ते ३५ असेल तर कटऑफ २५ टक्क्यांनी, ३५ ते ४० असेल तर ३० टक्क्यांनी आणि ४० च्या वर ४० टक्क्यांनी खाली आणावा. तुमच्या केसमध्ये १२५ चे ३० टक्के वजा केले की ८७.५ उरतात. ९८ त्याच्या वरच आहे.

आता एच-टू-एफपेफ स्कोअर काढा, म्हणजे हेफपेफची (ईएफ नॉर्मल असूनही होणाऱ्या हार्ट फेल्युअरची) शक्यता मोजणारे गुण. त्यात बीएनपी मुळातच नाही, हा इथे मोठा फायदा. बीएमआय ३० च्या वर: २ गुण. बीपीची दोन किंवा जास्त औषधं: १. वय ६० च्या वर: १. ई बाय ई-प्राइम ९ च्या वर: १. एट्रियल फिब्रिलेशनला (एएफ, हृदयाच्या अनियमित ठोक्यांना) ३ आणि पल्मनरी प्रेशर ३५ च्या वर असेल तर १, ते दोन्ही इथे नाहीत. एकूण ९ पैकी ५. शून्य-एकला हेफपेफ जवळपास बाद, सहा किंवा जास्त असेल तर जवळपास पक्कं, आणि २ ते ५ म्हणजे पुढची तपासणी हवीच. ही केस मधल्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला बसलीय.

एट्रियमचा ३३ हा इंडेक्स तर मला सगळ्यात जास्त खटकतो. मर्यादा ३४ म्हणून रिपोर्टवर "नॉर्मल" छापून येतं. पण हा आकडा शरीराच्या पृष्ठफळाने भागून काढलेला असतो. ९२ किलोला पृष्ठफळ २.० चौरस मीटर येतं, ६६ भागिले २ बरोबर ३३. याच उंचीची बाई ५८ किलोची असती तर पृष्ठफळ साधारण १.५९ आलं असतं आणि तेच ६६ मिलीचं एट्रियम ४१ च्या पुढे गेलं असतं. म्हणजे एट्रियम तेवढंच, फक्त भाजक फुगला. लेफ्ट व्हेंट्रिकलच्या (डाव्या खालच्या कप्प्याच्या) मासचंही हेच होतं. तिथे उंचीच्या २.७ व्या घाताने भागा: स्त्रियांत ४४ आणि पुरुषांत ४८ च्या वर गेलं तर हायपरट्रॉफी (स्नायू जाड झालेला) धरा.

उत्तर २: हार्मोन_लॅब

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नेहमी सांगितलं जाणारं कारण असं: चरबीच्या पेशींवर एनपीआर-सी नावाचा रिसेप्टर भरपूर असतो, तो बीएनपीला पकडून पेशीच्या आत ओढतो आणि नष्ट करतो. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. एनटी-प्रोबीएनपी त्या रिसेप्टरला चिकटतच नाही, तरीही स्थूल लोकांत तोही कमीच असतो. म्हणजे नुसती सफाई वाढलेली नाही, हृदयातून सुटणारा मालही कमी आहे. फ्रेमिंगहॅमच्या लोकसंख्येत हार्ट फेल्युअर नसलेल्या स्थूल लोकांतही ही पातळी कमी असल्याचं २००४ मध्येच प्रसिद्ध झालंय.

माल कमी का सुटतो? एक कारण हार्मोन्सचं: इन्सुलिन रेझिस्टन्स आणि स्त्रियांमधलं वाढलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन, दोन्हींबरोबर ही पातळी खाली असलेली दिसते. दुसरं कारण यांत्रिक आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. बीएनपी व्हेंट्रिकलच्या भिंतीवर ताण आला की सुटतो, आणि तो ताण आतल्या व बाहेरच्या दाबातल्या फरकावर ठरतो. हृदयाभोवती एपिकार्डियल चरबी साठली आणि रक्ताचं एकूण प्रमाण वाढून हृदय मोठं झालं, की पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) बाहेरून आवळून धरतो. आत फिलिंग प्रेशर २४ असलं तरी बाहेरून १० चा दाब असेल तर भिंतीला जाणवतात फक्त १४. फुफ्फुसांना मात्र पूर्ण २४ सोसावे लागतात. म्हणून धाप लागते आणि बीएनपी गप्प राहतो. (२४ आणि १० हे समजावण्यापुरते आकडे.)

यातून एक गोंधळ होतो. हार्ट फेल्युअर नसलेल्या माणसाची बेरियाट्रिक सर्जरी झाली, वजन उतरलं, की एनटी-प्रोबीएनपी *वाढतो*. तो वाढलेला आकडा पाहून घाबरून डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) सुरू करू नये. दाबून ठेवलेला स्राव मोकळा झालेला असतो. आधी लक्षणं आणि इको पाहा.

उत्तर ३: सॅम्पल_आधी_बघा

आकड्यावर वाद घालण्याआधी आकडा कसा आला ते विचारा. इथेच बऱ्याचदा चूक सापडते.

रुग्ण केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या (एका बी जीवनसत्त्वाच्या) मोठ्या डोसच्या गोळ्या घेतो का? काही मशिन्सची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर सँडविच पद्धतीत (दोन अँटिबॉडींमध्ये पदार्थ पकडून मोजायच्या पद्धतीत) एनटी-प्रोबीएनपी खोटा कमी येतो. गोळ्या दोनतीन दिवस बंद ठेवून पुन्हा काढा, किंवा लॅबला विचारून बायोटिनचा अडथळा न येणाऱ्या मशिनवर पाठवा. मोठ्या डोसबद्दल आपणहून विचारायला हवं, कारण रुग्ण त्याला औषध समजत नाही आणि सांगत नाही.

बीएनपी काढत असाल तर ईडीटीएची प्लॅस्टिक ट्यूबच वापरा, काचेची नको. काचेच्या संपर्काने तो लवकर तुटतो. साध्या तापमानाला काही तासांतच पातळी घसरते, म्हणून चार तासांच्या आत लावा. एनटी-प्रोबीएनपी त्यामानाने खूप टिकाऊ आहे, सीरमवरही चालतो.

सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं औषध) चालू असेल तर बीएनपी काढू नका. बीएनपी तोडणारं नेप्रिलायसिन हे एन्झाइम त्याने बंद पडतं, म्हणून तो वर राहतो. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिनचा बळी नाही, तोच काढा. आणि उलट बाजूही लक्षात असू द्या: एट्रियल फिब्रिलेशन आणि किडनीचा आजार आकडा वर नेतात. स्थूल, किडनी बिघडलेला आणि एएफ असलेला रुग्ण असेल तर एक गोष्ट खाली ओढते, दोन वर ढकलतात. अशा वेळी एकट्या आकड्यातून काहीच ठरत नाही.

मेडिसिन_निवासी

बायोटिन हा मुद्दा लक्षातच आला नव्हता, आभार. ५ गुणांवर पुढची पायरी कोणती? गुडघे दुखत असल्याने ट्रेडमिल जमणार नाही, असं धरून चालू.

उत्तर ४: इकोरूम

ट्रेडमिल नकोच. झोपून किंवा अर्धवट टेकून सायकल चालवायच्या टेबलवर स्ट्रेस इको करा, व्यायाम चालू असतानाच मोजमापं घेता येतात. श्रमात सरासरी ई बाय ई-प्राइम १५ किंवा जास्त आणि ट्रायकस्पिड जेटचा (उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या झोताचा) वेग ३.४ मीटर प्रति सेकंदाच्या वर, हे दोन्ही मिळालं तर हेफपेफच्या बाजूने भक्कम पुरावा. एकटा जेटचा वेग वाढला तर तो फुफ्फुसाच्या आजारानेही वाढतो, त्यावर निकाल देऊ नका. जाड छातीत ट्रेस पुसट येतात, तेव्हा हलवलेलं सलाइन किंवा कॉन्ट्रास्ट देऊन जेट उजळवा.

तरीही ठरलं नाही तर राइट हार्ट कॅथ (शिरेतून नळी घालून हृदयातले दाब मोजणं). वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या फिलिंग प्रेशरचा अंदाज) विश्रांतीत १५ मिमी किंवा वर, अथवा श्रमात २५ किंवा वर असेल तर हेफपेफ धरा. वाचन श्वास सोडण्याच्या शेवटी घ्या. स्थूल माणसाच्या छातीतला दाब श्वासागणिक खूप वरखाली होतो आणि मशिनने छापलेली सरासरी फसवते. ट्रान्सड्यूसरची (दाब मोजणाऱ्या उपकरणाची) पातळीही छातीची जाडी मोजून मध्यावर ठेवा. नजरेने लावला तर काही मिमीची चूक सहज होते आणि इथे निदानच काही मिमीवर अवलंबून आहे.

उत्तर ५: वजन_आणि_हृदय

औषधाबद्दल. दोन चाचण्या एकमेकींत मिसळू नका. सिलेक्ट (२०२३) मध्ये १७,६०४ लोक होते. आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक वगैरे झालेला, बीएमआय २७ किंवा जास्त, मधुमेह नाही. सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅवर हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक ६.५ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या इंजेक्शनवर) ८.०. तुमच्या केसमध्ये असा इतिहास नाही, म्हणून हा आकडा तिला लावता येत नाही.

तिच्या स्थितीला जवळची चाचणी म्हणजे स्टेप-हेफपेफ, तीही २०२३ ची आणि सेमाग्लुटाइडचीच. ५२९ रुग्ण, ५२ आठवडे. वजन १३.३ टक्के उतरलं, प्लासिबोवर २.६. लक्षणांचा केसीसीक्यू स्कोअर (हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची प्रश्नावली, ० ते १००) १६.६ ने सुधारला, प्लासिबोवर ८.७. सहा मिनिटांच्या चालीत सुमारे २० मीटरचा फरक. या गटात एनटी-प्रोबीएनपी २०.९ टक्के *घटला*, प्लासिबोवर ५.३. वर हार्मोन_लॅबनी सांगितलेल्या सर्जरीच्या निरीक्षणाशी हे विसंगत वाटेल, पण इथे रुग्णांना हार्ट फेल्युअर होतं. हृदयावरचा साठलेल्या पाण्याचा भार ओसरल्याचा परिणाम वरचढ ठरला. मृत्यू कमी होतात का हे सांगण्याएवढी ही चाचणी मोठी नव्हती, ते रुग्णाला स्पष्ट सांगावं.

डोस आठवड्यातून एकदा: ०.२५, ०.५, १, १.७ आणि मग २.४ मिग्रॅ, प्रत्येक पायरी चार आठवडे. म्हणजे पूर्ण डोसला सतराव्या आठवड्यात पोचायचं. घाई केली की उलट्या होतात, आणि तिला लूप डाययुरेटिक चालू असेल तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन चढतं. खाणं घटलं की डाययुरेटिकचा डोस पुन्हा ठरवा. बीपीची औषधंही, कारण उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. बीपी मोजताना मोठा कफ लावा: दंडाचा घेर ३५ सेंमी किंवा जास्त असेल तर साधा कफ आकडा खोटा वाढवतो आणि नको ती गोळी वाढते.

एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन (हार्ट फेल्युअरमध्येही वापरल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) १० मिग्रॅ मात्र निदान पक्कं झालं की लगेच सुरू करा, वजन उतरायची वाट पाहू नका. आणि इंजेक्शन बंद केल्यावर वजन परत येतं: स्टेप-१ या सेमाग्लुटाइडच्या वजनावरच्या चाचणीच्या पुढच्या पाठपुराव्यात वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतला. तेव्हा सुरू करतानाच किती काळ परवडेल आणि घेता येईल, हे तिच्याशी बोलून घ्या.